साध्या दिवसांची मैत्री : जोडायची कशी, टिकवायची कशी

मैत्रीचं मोल सांगायचं म्हटलं की आपण बहुतेकदा संकटाची गोष्ट सांगतो. रात्री दोन वाजता दवाखान्यात धावून आला. राहायला जागा नव्हती तेव्हा तिने आपली खोली दिली. या गोष्टी खऱ्या असतात, सांगण्यासारख्याही असतात. पण त्या सतत ऐकून एक समज मनात घर करतो, की मैत्री ही अडीअडचणीसाठी बाजूला काढून ठेवलेली पुंजी आहे आणि एरवी तिच्याकडे पाहिलं नाही तरी चालतं.

मला हे पटत नाही. रात्री दोनला येणारा माणूस त्याआधी कितीतरी साध्या संध्याकाळी आलेला असतो. विशेष काही नसताना तासभर बसून, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी करून गेलेला असतो. त्या संध्याकाळी झाल्याच नसत्या, तर दोन वाजता त्याचा नंबर लावायला आपलाच हात धजावला नसता.

मी बत्तीस वर्षांची असताना नोकरीसाठी नव्या शहरात आले. कामात बुडाले होते, त्यामुळे एकटेपणा जाणवायला आठ महिने लागले. जाणवला तोही दुःखाच्या दिवशी नाही. बरेच दिवस वाट पाहत होते ती चांगली बातमी आली, मी फोन हातात घेतला आणि कोणाला सांगायची हेच सुचेना. आईला सांगितली. मग फोन खाली ठेवला. यादीत शेकडो नावं होती, पण प्रत्येकाला आधी 'इतके दिवस कुठे होतीस' याचं उत्तर द्यावं लागणार होतं.

हा लेख अशाच माणसांसाठी आहे. गाव बदललेले, नोकरी बदललेले, लग्नानंतर किंवा निवृत्तीनंतर अचानक मोकळ्या संध्याकाळींसमोर उभे राहिलेले, किंवा कुठेही न जाता नुसत्या धावपळीत मित्र हरवून बसलेले. शाळेत आपल्याला मैत्री करावी लागली नाही, ती होत गेली. एकाच बाकावर, रोज, पाच-सहा तास, वर्षानुवर्षं. मोठेपणी ही व्यवस्था आपल्याला कोणी लावून देत नाही. ती आपली आपण लावायची असते, आणि पुढे जे सांगितलं आहे ते सगळं त्या व्यवस्थेबद्दलच आहे.

हा नुसता मनाच्या विरंगुळ्याचा प्रश्न नाही. अमेरिकेतील संशोधक ज्युलिअन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे, की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो. तेव्हा 'आपलंच काहीतरी चुकतंय' ही लाज आधी बाजूला ठेवा.

१. आधी कागद घ्या

गेल्या पंधरा दिवसांत कोणतंही काम नसताना तुम्ही कोणाकोणाशी बोललात, ती नावं लिहा. घरातली माणसं सोडून. मग दुसऱ्या बाजूला अशी नावं लिहा, ज्यांच्याशी बोलावंसं वाटतं पण बोलणं होत नाही.

पहिली यादी छोटी निघेल. निघू द्या. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसाच्या नात्यांची वर्तुळं मांडली आहेत : अगदी जिवाभावाची साधारण ५ माणसं, त्यांच्यासह जवळची १५, त्यापुढे ५० आणि ओळख टिकवून असलेली सुमारे १५०. त्यातल्या ५ मध्ये घरचेही येतात. म्हणजे डझनभर जिवलग मित्र नाहीत म्हणून झुरायचं कारण नाही. दोन किंवा तीन माणसं पुरेशी असतात. आपल्या कागदावर ती दोन तरी आहेत का, एवढंच पाहायचं.

२. जुन्या माणसाला फोन, नव्या ओळखीच्या आधी

नवे मित्र कसे करायचे हे विचारणाऱ्यांना मी पहिल्यांदा दुसऱ्या यादीकडे पाठवते. तिथे नातं आधीच आहे, नुसती धूळ बसली आहे. अडतो तो संकोच. इतक्या दिवसांनी काय बोलायचं? त्याला वाटेल, काहीतरी काम असणार. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली नेमकं हेच तपासलं. आपण सहज विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज माणसं कमीच करतात, असं त्यांना दिसलं. आणि अनपेक्षित फोनाचा आनंद अधिकच होतो.

काय लिहायचं? आठवण नेमकी असावी. 'कसा आहेस?' याला 'मजेत' एवढंच उत्तर येतं आणि गाडी तिथेच थांबते. त्यापेक्षा, 'आज जिना चढताना तुझी आठवण आली. आपण शेवटच्या पेपरच्या दिवशी धावत चढलो होतो आणि तू चप्पल मागेच सोडली होतीस. काही काम नाही, सहज लिहिलं.' शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ते समोरच्याचा जीव हलका करतं.

दोन गोष्टी टाळा. 'विसरलीसच ना आम्हाला' हा टोमणा प्रेमापोटी मारलेला असला तरी तो हिशेब मांडतो, आणि ऐकणारा आधीच ओशाळलेला असतो. दुसरं, लांबलचक माफी. 'खूप दिवस बोलले नाही, चुकलंच' एवढं एका ओळीत पुरतं. मग थेट आठवणीवर या.

आणि 'एकदा भेटू या' म्हणू नका. ते आमंत्रण नाही, निरोप घेण्याची पद्धत आहे. वार सांगा, वेळ सांगा. 'रविवारी सकाळी तासभर फिरायला येतेस? नाही जमलं तर पुढचा रविवार.' दुसरा पर्याय आधीच दिला की नकार देणंही सोपं होतं आणि नकारानंतर दार बंद होत नाही.

उत्तर आलं नाही तर? महिन्याभराने आणखी एकदा लिहा. तेव्हाही शांतता असेल तर थांबा, आणि मनात अढी ठेवू नका. त्याच्या घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं.

३. एक जागा, एक वेळ, तीच माणसं

आता नवी माणसं. इथे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. आपल्याशी सूर जुळेल असा माणूस शोधू लागतात. आधी जागा शोधा. माणूस त्या जागेत हळूहळू दिसू लागतो.

याचा एक जुना आणि छान दाखला आहे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास केला. तो १९५० साली प्रसिद्ध झाला. घरं कोणाला कुठलं मिळेल ते रहिवाशांच्या आवडीनिवडीवर नव्हतं. तरी शेजारच्या दाराआडच्या माणसाला जवळचा मित्र म्हणणारे ४१ टक्के निघाले, एक दार सोडून पलीकडच्याला २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला फक्त १० टक्के. अंतर काही पावलांचं. पण येता-जाता जो दिसतो, तो आपला होत जातो.

बुजऱ्या माणसांनी आणखी एक प्रयोग लक्षात ठेवावा. १९९२ साली रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी चार तरुणींना एका विद्यापीठाच्या वर्गात बसवलं. एक १५ तासिकांना आली, एक १०, एक ५ आणि एक कधीच नाही. त्या कोणाशी एक शब्दही बोलल्या नाहीत. सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. म्हणजे पहिले काही आठवडे नुसतं हजर राहणं हेसुद्धा काम आहे. पहिल्याच दिवशी बोलण्यात बाजी मारायची गरज नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. ती दर आठवड्याला भरते का? तीच माणसं पुन्हा येतात का? आणि हाताला काही काम आहे का? तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समोरासमोर बसून 'आता बोला' म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. हात गुंतलेले असले, की बोलणं आपोआप सुटतं आणि मध्येच थांबलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. मी एका सार्वजनिक बागेची निगा राखणाऱ्या गटात दर शनिवारी जाऊ लागले. तण उपटताना माणूस शेजारच्याच्या डोळ्यांत पाहत नाही. त्यामुळे खरं बोलतो.

समूहगान, पोहणं, भाषेचा वर्ग, वाचनालयातली सेवा, काहीही चालेल. एकदाच भरणारी व्याख्यानं आणि मेळावे मात्र यासाठी निरुपयोगी. तिथे माणसं भेटतात आणि विरतात.

तीन महिने सोडायचं नाही, असं ठरवून जा. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा आणि संपल्यावर दहा मिनिटं रेंगाळा. ओळखी कामाच्या मध्यात होत नाहीत, चपला घालताना होतात. नावं लक्षात ठेवा, घरी आल्यावर लिहून ठेवा हवं तर. पुढच्या वेळी नावाने हाक मारली की समोरच्या माणसाचा चेहरा कसा उजळतो ते पाहा.

घरी परतताना मन हमखास सांगतं, आपण भलतंच काहीतरी बोललो, त्यांना आपण आवडलो नसणार. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं, की पहिल्या संभाषणानंतर दोन्ही बाजूंना असंच वाटत असतं आणि दोघांचाही अंदाज चुकीचा असतो. आपण वाटतो त्यापेक्षा जास्त आवडलेले असतो.

४. ओळखीचा उंबरा ओलांडणं

इथे बरेच जण वर्षानुवर्षं अडकतात. हसतात, हात करतात, ख्यालीखुशाली विचारतात आणि आपापल्या घरी जातात.

पहिली गोष्ट वेळेची. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीतून वरवरची मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, मित्र म्हणावं इथपर्यंत यायला सुमारे ९०, आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून अधिक. आठवड्याला दोन तास धरले तर २०० तास म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. हा आकडा वाचून मला धीर आला होता. सहा महिन्यांत कोणी जिवलग झालं नाही म्हणजे आपल्यात खोट आहे असं नाही, अजून तास भरलेले नाहीत इतकंच.

पण सगळे तास सारखे नसतात. एकत्र नोकरी करताना गेलेले तास फारसे जमेस येत नाहीत, हेही हॉल यांना दिसलं. म्हणून जागा बदला. बागेतल्या माणसाबरोबर बागेबाहेर जा. कार्यालयातल्या मैत्रिणीबरोबर सुट्टीच्या दिवशी अर्धा तास चाला. पहिल्यांदा कोणी तरी हे सुचवावं लागतं. ते तुम्हीच सुचवा, समोरचाही त्याच भिडेत अडकलेला असतो.

दुसरी गोष्ट, छोटी मदत मागा. मदत करायला आपण तत्पर असतो, मागताना मात्र हात आखडतो. पण कायम देणाऱ्या माणसाशी मैत्री करणं अवघड असतं. त्याच्यापुढे आपण नेहमी घेणारे ठरतो. शिडी मागा, पुस्तक मागा, 'या अर्जात काय लिहायचं, जरा पाहशील का' असं विचारा. घेतलेली वस्तू वेळेत परत करा, त्या निमित्ताने पुन्हा भेट होते. माझी शनिवारची मैत्रीण आज माझ्या कागदावरच्या पहिल्या दोन नावांत आहे. तिच्याकडून मी सर्वांत आधी एक कात्री मागितली होती.

तिसरी गोष्ट, मनातलं थोडंसं बोला. सगळं नाही. नव्या ओळखीवर आयुष्याचं गाठोडं ओतलं तर माणूस दबून जातो. 'हे शहर अजून अंगवळणी पडलेलं नाही' इतकं खरं वाक्य पुरतं. मग थांबा आणि समोरून काय येतं ते ऐका. त्यानेही एक पाऊल टाकलं तर पुढच्या वेळी तुम्ही आणखी एक टाका.

५. चांगली बातमी ऐकण्याची कला

दुःखात काय बोलावं याची चर्चा पुष्कळ होते. आनंदात काय बोलावं, याकडे आपण लक्षच देत नाही. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञाने नेमक्या यावर काम केलं आहे. आपली चांगली बातमी समोरच्याने कशी घेतली, यावर नात्याची घट्ट वीण बरीच अवलंबून असते, असं त्यांच्या अभ्यासांतून दिसतं.

समजा मित्र म्हणाला, 'मला बढती मिळाली.' एक उत्तर, 'अरे वा, छान', आणि मान पुन्हा फोनमध्ये. दुसरं, 'आता काम वाढणार बघ तुझं.' तिसरं, 'हो का? आमच्याकडे पण काल...' तिन्ही आपण दिलेली असतात. चौथं असं : 'कधी कळलं? कोणी सांगितलं? त्या वेळी तू काय करत होतास? सांग, सगळं सांग.' याला दोन-चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत तो आपला आनंद पुन्हा एकदा जगतो आणि आपण त्याच्याबरोबर असतो. मला त्या आठव्या महिन्यात हेच हवं होतं.

त्रास ऐकतानाचं एकच सांगते. सल्ला देण्याआधी विचारा, 'तुला फक्त बोलायचंय, की काही सुचवू?' हा प्रश्न शिकायला मला फार वर्षं लागली. आणि नंतर आठवण ठेवून विचारा. 'मंगळवारी तपासणी होती ना, काय म्हणाले?' ही विचारपूस म्हणजे आपल्या डोक्यात कोणाला तरी जागा दिल्याची खूण आहे. लक्षात राहत नसेल तर फोनमध्ये त्या तारखेला गजर लावा. गजर लावून केलेलं प्रेम खोटं नसतं.

६. ठरलेली वेळ

मैत्री सवडीवर सोडली की संपते, कारण सवड कधीच मिळत नाही. एका मैत्रिणीशी माझं दर गुरुवारी संध्याकाळी चालता चालता फोनवर बोलणं होतं. ती तिच्या गावी चालते, मी माझ्या. कधी चाळीस मिनिटं, कधी सात. विषय नसला तरी फोन होतो, आणि खरं सांगायचं तर विषय नसतानाचे फोनच माझ्या जास्त लक्षात आहेत.

गटांवर येणारे सुविचार आणि पुढे ढकललेली चित्रं यांत हे धरू नका. पन्नास जणांना एकदम पाठवलेली सुप्रभात कोणालाच पाठवलेली नसते.

मूल लहान असतं, घरी आजारपण असतं, नवी नोकरी असते, तेव्हा मित्र गप्प होतो. ते मनाला लावून घेऊ नका. 'उत्तर नको देऊस, फक्त आठवण काढली' असं महिन्याकाठी लिहीत राहा. उलट तुम्हीच त्या काळात असाल तर एकदा स्पष्ट सांगून टाका, 'वर्षभर मी कमी बोलेन, रागावू नकोस.' न सांगता गप्प होणाऱ्या माणसाबद्दल गैरसमज होतात, सांगून गप्प होणाऱ्याची लोक वाट पाहतात.

७. खटका उडाला तर

उडणारच. मी एक चांगली मैत्री नुसत्या अबोल्यापायी गमावली आहे. ती चार लोकांसमोर माझ्या कामाबद्दल काहीतरी बोलली, मला लागलं, मी बोलले नाही. आधी आठवडा, मग महिना. नंतर बोलायचं ठरवलं तेव्हा तिला ते वाक्य आठवतही नव्हतं आणि माझ्या मनात त्याचा डोंगर झाला होता. म्हणून त्याच आठवड्यात बोला. एकांतात बोला, लिहून नको. जे घडलं तेवढंच बोला : 'तू परवा सगळ्यांसमोर असं म्हणालीस, मला लागलं.' 'तू नेहमीच' हे शब्द आले, की पुढचं ऐकलं जात नाही.

माफी मागताना 'पण' नको. 'चुकलं माझं, पण तूही' हे माफीचं सोंग आहे.

पैशांबद्दल थोडक्यात : परत आले नाहीत तरी मैत्री टिकेल एवढेच द्या, आणि घेतलेत तर फेडीची तारीख स्वतःहून सांगा. उशीर होणार असेल तर तारखेच्या आधी कळवा. लाजून टाळाटाळ करणारा कर्जदार पैशांच्या आधी मित्र गमावतो.

आणि काही मैत्र्या सोडायच्याच असतात. काम असलं की आठवण, काम झालं की ओळख नाही, अशा कामापुरत्या माणसावर राग धरण्यात शक्ती घालवू नका. त्याला ओळखीच्या वर्तुळात ठेवा. पण एखाद्या भेटीनंतर दर वेळी स्वतःबद्दल हीन वाटत असेल, तर ती भेट बंद करा. भांडण न करता, हळूच.

८. मित्रावर दुःख कोसळतं तेव्हा

'काही लागलं तर सांग' म्हणू नका. दुःखातल्या माणसाला काय लागतंय तेच कळत नसतं, आणि कळलं तरी तो सांगत नाही. नेमकं काम उचला. 'उद्या मुलांना मी शाळेत सोडते.' 'बँकेतला तो कागद मी आणून देतो.' नको म्हणाला तर दुसरं काम सुचवा.

पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात कोणी नसतं. म्हणून वहीत पुढच्या तारखा लिहून ठेवा : सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, वर्षाने. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. घरच्यांना ते नाव ऐकायचं असतं.

माझे वडील गेले तेव्हा शनिवारची मैत्रीण पहिल्या दिवशी आली नव्हती, ती परगावी होती. सातव्या आठवड्यात आली. दुपार होती, मी कपडे वाळवून खुर्चीवर तसेच टाकून ठेवले होते. ती काही न विचारता घड्या घालायला बसली. अर्धा ढीग झाल्यावर म्हणाली, 'बाबा सकाळी किती वाजता उठायचे गं?' मी सांगू लागले, आणि दुसऱ्या टोकाने मीही घड्या घालू लागले.